ठळक अक्षरांतला आकडा

नणंद पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती, आता निवृत्त आहे. भावजय ५७ वर्षांची, ‘फुल बॉडी चेकअप’चा रिपोर्ट नुकताच हाती आलेला. चाचण्यांविषयी दोघींची मतं जुळत नाहीत. मला दोघींचंही काही पटतं, काही पटत नाही. पन्नाशी उलटलेली बाई ज्या घरात आहे तिथं हा वाद आज ना उद्या होतोच, म्हणून तो सविस्तर मांडला आहे.

भावजय : वन्सं, चौसष्ट तपासण्या झाल्या, त्यांतल्या तीन ठळक अक्षरांत आल्यात. व्हिटॅमिन डी १७, अल्कलाइन फॉस्फटेज १३८, कॅल्शियम ८.४. तिन्हींचा संबंध हाडांशी. रिपोर्ट रात्री मोबाइलवर आला आणि डॉक्टरांची वेळ मिळाली परवाची. तुम्ही म्हणाल, कशाला केल्यास एवढ्या तपासण्या? सांगते. माझी आई बाथरूममध्ये घसरली. उंचावरून नाही, उभ्याउभ्या पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण नंतर आधाराशिवाय ती कधी चालली नाही. त्याआधी कित्येक वर्षं तिची पाठ वाकत चालली होती आणि आम्ही सगळे म्हणत होतो, वय झालं. हाडं तपासू या, असं एकाही माणसाला सुचलं नाही. मला तसं व्हायचं नाही. जे माहीत होऊ शकतं ते मला माहीत हवं.

नणंद : तुझी भीती खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण त्या ठळक अक्षरांना तू जेवढा मान देते आहेस तेवढा त्यांचा नाही. रिपोर्टात उजवीकडे जी ‘नॉर्मल’ची मर्यादा छापतात ना, ती बहुतेक चाचण्यांत अशी ठरते : पुष्कळ निरोगी माणसांचं रक्त तपासायचं आणि त्यांतल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे घ्यायचे. म्हणजे निरोगी माणसांपैकी ५ टक्के मर्यादेबाहेर पडणार हे आधीच ठरलेलं. आता एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका धडधाकट माणसाच्या केल्या, तर एखादी तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के निघते. तू चौसष्ट केल्यास. एकही ठळक आली नसती तर मला जास्त आश्चर्य वाटलं असतं.

आणि नमुना कसा घेतला यावरही पुष्कळ असतं. दंडाला पट्टा घट्ट बांधून तसाच ठेवला तर कॅल्शियम उगाच वाढलेलं दिसतं. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर काही यंत्रांवर डीचा आकडा खोटा वर जातो आणि पॅराथायरॉइड हार्मोनचा खोटा खाली येतो. रिपोर्ट घेऊन आलेल्या माणसाला हे कुणी विचारत नाही. मी नोकरीत असताना बघितलंय, लोक एक ठळक आकडा घेऊन यायचे आणि त्याच्यापायी आणखी पाच तपासण्या करून जायचे. त्या पाचांतली पुन्हा एखादी ठळक यायची.

भावजय : म्हणजे तिन्ही आकडे निव्वळ योगायोग? एकेकटा आकडा तुम्ही निकालात काढाल, ते मला मान्य. पण हे तिघं वेगवेगळ्या दिशांना गेलेले नाहीत. डी कमी, कॅल्शियम कमी, फॉस्फटेज जास्त. हाडांत खनिज नीट बसत नसेल तर हेच दिसायला हवं ना? योगायोगानं तीन माणसं एकाच दारात उभी राहत नाहीत.

नणंद : हा मुद्दा तू बरोबर पकडलास आणि इथं मला सावकाश बोललं पाहिजे. रिपोर्ट उघड. ठळक नसलेले आकडे बघू. अल्ब्युमिन किती आहे?

भावजय : ३.५. मर्यादेच्या अगदी काठावर आहे, म्हणून ठळक नाही.

नणंद : आता बघ. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियम कमी दिसतं, पण शरीराला जे मोकळं कॅल्शियम लागतं ते पुरेसं असू शकतं. म्हणून डॉक्टर अल्ब्युमिन ४ च्या खाली जितकं असेल त्याला ०.८ नं गुणून तेवढी भर घालतात. तुझ्या बाबतीत ०.४. तुझं कॅल्शियम झालं ८.८, म्हणजे ठीक. हा हिशेब ढोबळ आहे, शंका असेल तर मोकळं कॅल्शियम वेगळं मोजता येतं. तरी तिघांतला एक गडी कमी झाला. आता फॉस्फटेज. ते हाडांतूनही येतं आणि यकृतातूनही. वाढत्या मुलांत, गरोदरपणात, हाड जुळत असताना ते वाढतंच. यकृताचं आहे की हाडाचं हे कळायला जीजीटी बघायचं.

भावजय : जीजीटी २२. नॉर्मल.

नणंद : मग यकृताकडे बोट दाखवता येत नाही. फॉस्फटेज हाडाकडूनच आलं असण्याची शक्यता वाढली. हे मी मान्य करते. डी कमी आणि फॉस्फटेज जास्त असताना पॅराथायरॉइड हार्मोन, ते पीटीएच म्हणतात ते, एकदा मोजायला हवं. मी चाचण्यांच्या विरोधात नाही. प्रश्न न ठरवता केलेल्या चाचणीच्या विरोधात आहे. पीटीएचच्या मागे आता प्रश्न आहे, तुझ्या त्या चौसष्टांच्या मागे नव्हता.

आणि एक गोष्ट तुला कडू वाटेल, तरी सांगते. तुझ्या आईला झालं ते आणि हा रिपोर्ट ज्याकडे बोट दाखवतोय ते, हे दोन वेगळे आजार आहेत. डीअभावी हाड मऊ पडतं त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. त्यात मांड्यांतली ताकद जाते, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, बरगड्या आणि नडग्या दाबल्या की दुखतात. तो आजार रक्तात दिसतो आणि उपचारानं बरा होतो. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाड विरळ होणं, हा तुझ्या आईचा आजार असावा. त्यात कॅल्शियम, फॉस्फरस, फॉस्फटेज सगळं बहुधा नॉर्मल येतं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातला तो थोडासा भाग कमी होऊ लागला की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून काढून तो भरून देतात. रक्त नॉर्मल राहतं ते हाडाच्या जिवावर. तेव्हा रिपोर्टात कॅल्शियम छान आलं म्हणून हाडं मजबूत, असं समजणारी बाई तुझ्यापेक्षा जास्त फसलेली असते.

भावजय : मग रक्त मुकं आहे म्हणून बोलणारी दुसरी चाचणी शोधायची की चाचणीच सोडून द्यायची? तुम्ही रक्तावर अविश्वास दाखवता आणि तिथंच थांबता. मी चार्ल्स मार्टेल नावाच्या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाबद्दल वाचलं. तरुण माणूस. हाडं मोडत गेली, उंची सात इंचांनी घटली. १९२६ साली त्याच्या रक्तात कॅल्शियम वाढलेलं सापडलं, तेव्हा कळलं की पॅराथायरॉइडची गाठ असणार. मानेत शोधून ती मिळेना. सातव्या शस्त्रक्रियेत, १९३२ साली, ती छातीत सापडली आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तो गेला. एवढा छळ होण्याआधी कुणी त्याचं कॅल्शियम मोजलं असतं तर? पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत यंत्रं आली, सगळ्यांचंच कॅल्शियम सरसकट मोजलं जाऊ लागलं आणि हा दुर्मीळ समजला जाणारा आजार धडाधड सापडू लागला, तोही कुठलीच तक्रार नसलेल्या माणसांत. प्रश्न न ठरवता केलेल्या चाचणीनं हे काम केलंय, वन्सं. प्रश्न ठरवून बसलेल्या डॉक्टरांनी नाही.

नणंद : हे उदाहरण जोरदार आहे, मी ते झटकणार नाही. पण त्याचा उत्तरार्धही बघ. असे जे रुग्ण सापडले त्यांच्यापैकी कित्येकांना शस्त्रक्रिया लागतच नाही, नुसतं लक्ष ठेवतात. त्यांतल्या प्रत्येकाला एका रात्रीत ‘तुला गाठ आहे’ असं ऐकावं लागलं. काहींचं भलं झालं, काहींच्या पदरी फक्त धास्ती आली. आपल्याकडे मात्र हा आजार अजूनही पुष्कळदा मार्टेलसारखाच उशिरा समोर येतो, हाड मोडल्यावर किंवा मूतखडे झाल्यावर. म्हणजे ज्याला गरज नाही त्याची तपासणी होते आणि ज्याला आहे तो राहून जातो. माझी तक्रार इथं आहे.

भावजय : डीचं तरी मान्य कराल? १७ म्हणजे कमीच. आणि लंडनला माझ्या लेकीचा ४५ आला. एकाच घरातली रक्तं, आणि माझा तिच्या अर्धाही नाही.

नणंद : तिथं तो नॅनोमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे नॅनोग्रॅममध्ये. अडीचनं भागायचं. तिचा ४५ म्हणजे आपला १८. दोघी एकाच पायरीवर आहात.

आणि ‘कमी’ कशाला म्हणायचं यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१० मध्ये सांगितलं, २० पुरे. पुढच्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीनं सांगितलं, ३० हवा. आपल्या लॅबनी ३० धरला आणि अर्ध्याहून जास्त शहर एका फटक्यात आजारी ठरलं. २०२४ मध्ये त्याच सोसायटीनं ते आकडे मागे घेतले आणि निरोगी प्रौढांची डी चाचणी सरसकट करू नका असं सांगितलं. त्याआधी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ प्रयोगाचा निकाल आला होता. २५ हजारांवर माणसं, रोज २००० युनिट डी, आणि हाडं मोडण्याचं प्रमाण गोळी न घेणाऱ्यांइतकंच.

भावजय : त्या माणसांचा डी मुळात सरासरी ३० च्या आसपास होता. पोट भरलेल्याला जेवण वाढून बघायचं आणि म्हणायचं, जेवणानं फरक पडत नाही? माझा १७ आहे. आपल्याकडे दहाच्या खालच्या बायका कमी नाहीत. आपली कातडी सावळी, तिला जास्त वेळ ऊन लागतं. आपण दिवसभर घरात किंवा ऑफिसात, बाहेर पडलो तर स्कार्फ गुंडाळून. आणि लहानपणापासून ऐकलं की कोवळ्या उन्हात बसावं. कोवळ्या उन्हात ती किरणंच फार थोडी असतात. डी तयार होतो तो सूर्य वर आल्यावरच्या उन्हात, तोही खिडकीच्या काचेतून नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आकडा कमी आल्यावर मी शोधून काढलं. आकड्यानं भीती दिली, पण त्यानंच मला बारा वाजता गच्चीवर पाठवलं.

(इथं मधे बोलतो. सीमारेषा बदलली म्हणून सगळाच आकडा फोल, असं नणंदेच्या बोलण्यातून कुणी घेऊ नये. २० आणि ३० यांच्यात भांडण आहे. १० च्या खाली असेल, त्यात हाडं दुखत असतील, तर तिथं भांडण उरत नाही, उपचार लागतात.)

नणंद : गच्चीवर जा. जेवणात नाचणी वाढव. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. पण उपचाराच्या नावाखाली काय चालतं तेही ऐक. डीची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक लिहिलेली असते, ती लोक रोज घेतात. कुणी सहा लाखांचं इंजेक्शन घेऊन येतो, दोन महिन्यांनी पुन्हा घेतो. मग कॅल्शियम इतकं चढतं की उलट्या होतात, किडनीवर येतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बावीसशेवर बायकांना वर्षातून एकदा पाच लाखांचा डोस देऊन बघितला. २०१० मध्ये निकाल आला : डोस घेणाऱ्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. आकडा वर गेला, माणूस खाली आला. नुसत्या आकड्यावर इलाज केला की हे होतं.

भावजय : बरं, रक्त बाजूला ठेवा. मी डेक्सा करून घेते. हाडांची घनता थेट मोजली जाईल.

नणंद : डेक्सा तुझ्या बाबतीत मला पटतं. पण तिथंही आकड्यापुढे हात जोडू नकोस. टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये आखली ती गोऱ्या स्त्रियांच्या आकड्यांवरून. यंत्र सपाट चित्रावरून मोजतं, त्यामुळे लहान चणीच्या बाईचं हाड आहे त्यापेक्षा विरळ दिसतं. उलट यवतमाळ-चंद्रपूरकडे ज्या गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे तिथं हाड एक्स-रेवर दाट दिसतं आणि तरी ठिसूळ असतं. आणि हाडं मोडणाऱ्या बायकांत निम्म्याहून अधिक जणींचा स्कोअर उणे २.५ च्या वरच असतो, कारण त्या गटात बायकाच जास्त आहेत.

शेफिल्ड विद्यापीठानं २००८ मध्ये ‘फ्रॅक्स’ काढलं. पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता त्यातून काढतात. त्यात बारा गोष्टी विचारतात : वय, स्त्री की पुरुष, वजन, उंची, आधी हाड मोडलंय का, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडलाय का, सिगारेट, दारू, स्टेरॉइडच्या गोळ्या, संधिवात, लवकर पाळी जाण्यासारखी दुसरी कारणं, आणि शेवटी, असेल तर, डेक्साचा आकडा. रक्ताची एकही तपासणी त्यात नाही. तुझ्या चौसष्ट तपासण्यांनी जे सांगितलं नाही ते तू आईबद्दलच्या एका वाक्यात सांगितलंस.

भावजय : तरी ते वाक्य मी आज का बोलले? रिपोर्ट आला म्हणून. रिपोर्ट नसता तर आपण दोघी आईबद्दल बोललो असतो का? तुमच्या प्रश्नांची किंमत मला मान्य आहे. पण आपल्या डॉक्टरांकडे एका पेशंटला किती मिनिटं मिळतात? उंची मोजणारा डॉक्टर तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? तुमचं म्हणणं, आधी विचारा मग तपासा. विचारणारा कुणी नाही म्हणून तर मी तपासून घेते. जिथं कुणी काही विचारत नाही तिथं ठळक अक्षरं निदान गप्प बसत नाहीत.

नणंद : याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. फक्त एवढंच बघ की ती कुणाशी बोलतात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण बाहेर आलं. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायका होत्या. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील, तर त्या दिवसापासून इस्ट्रोजेन थांबतं आणि हाडाची झीज सुरू होते, जी तुला पन्नाशीला लागली. ती बाई पुढची वीस वर्षं डोक्यावर मोळ्या वाहणार, घसरणार, पडणार. महाराष्ट्रात कुणाच्या हाडांची काळजी करायची असेल तर तिच्या. आणि तिच्या नावावर एकही रिपोर्ट नसतो. पॅकेजच्या जाहिराती मात्र आपल्या फोनवर येतात. ज्यांच्याकडे काळजीला कारण कमी त्यांच्याकडे आकडे जास्त.

भावजय : पण हे तर माझ्याच बाजूनं बोललात. तिच्या तपासण्या व्हायला हव्यात, माझ्या बंद व्हायला नकोत. माझी चौसष्टची साठ केली म्हणून तिला चार मिळणार आहेत का?

नणंद : नाही मिळणार, हेही खरं. पण तिला तरी चार कुठल्या द्यायच्या हे ठरवताना तुझं पॅकेज डोळ्यांपुढे ठेवू नये, एवढं माझं म्हणणं. तिला आधी विचारावं लागेल, मोजावं लागेल. तुझ्यामाझ्या पद्धतीनं तिच्या हातात ठळक अक्षरांचा कागद दिला, तर तो घेऊन ती जाणार कुणाकडे?

भावजय : पुढच्या वर्षीही मी पॅकेज करणार, आधीच सांगून ठेवते. पीटीएच परवाच करून घेते, डेक्सालाही नाव घालते. आणि आमच्याकडे धुणंभांड्याला येतात त्या मावशींची पिशवी चाळिशीच्या आत काढलीय. हल्ली कंबर दुखते म्हणतात. मी त्यांना मलम आणून दिलं होतं. त्यांच्या तपासणीचे पैसे मी भरते.

नणंद : भर. पण आधी त्यांना विचार, अंडाशयही काढले होते का. त्यांना सांगता येणार नाही, तेव्हा ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधायला सांग. परवा तू जाशील तेव्हा त्या कार्डासकट त्यांना बरोबर ने, आणि डॉक्टरांना आधी ते कार्ड दाखव.